डावा पाय

पुण्याच्या डॉक्टरची, सात वर्षं वापरलेली.
नव्याच्या पाव किमतीत आणली तेव्हा
मालन एवढंच म्हणाली,
हत्ती मिळाला, चाऱ्याचं काय?

पहिला घास आरटीओचा:
एमएच पुसून केए बावीस लिहायला
जन्मभराचा टॅक्स,
अर्धा जन्म सरलेल्या गाडीला.

मग पुढचा डावा पाय.
रात्री उभी केलेली,
सकाळी बसलेली, देवळापुढच्या नंदीसारखी.
दस्तगीर खाली सरकून साबणाचं पाणी मारतो,
बुडबुडे दाखवतो. हवा जातीया, मालक.
हुबळीच्या शोरूमवाल्यानं आकडा
कागदावर लिहून पुढं सरकवला,
तोंडानं उच्चारला नाही.

तीस वर्षं उद्यमबागेत लेथ चालवतोय.
पंपाचे, ट्रॅक्टरचे, उसाच्या चरकाचे
किती बुश काढले, मोजले नाहीत.
हिचाही एक काढला. केसाचा फरक नाही,
टकदिशी बसला.
पण गाडीनं ओळख दिली नाही.
काचेमागं पिवळा दिवा,
विझतच नाही.

विकायला काढली. चिकोडीचा एकजण आला,
सीटवरून हात फिरवला, दिवा बघितला,
चहा पिऊन गेला.

आता पहाटे पाचला किल्ली फिरवतो.
पोटात काहीतरी घरघरतं, थांबतं, परत घरघरतं,
मग एकेक कोपरा सावरत
ती वर येते.
नळावरून येणाऱ्या मल्लव्वा
कमरेवरची कळशी सावरून थांबतात,
रोज तेच विचारतात: एद्दळेन री?

उठली, म्हणतो.
आज तरी उठली.