दोन रुया

बोरी अरबच्या अलीकडे छोटी लाइन बंद पडून आहे.
रुळांवर गंज, आणि खडीतून कुणाला न विचारता
वर आलेली रुई.
दोन जातींची. पुस्तकात एकीला रुई, दुसरीला मांदार;
गावात दोन्ही रुयाच.

मी भिंग घेऊन उकिडवी बसते.
थोराड आहे तिच्या पाकळ्या सताड, मागे मुरडलेल्या,
रंग, नीळ जास्त झालेल्या गणवेशाचा.
दुसरी बुटकी. तिच्या पाकळ्या उभ्याच,
ओंजळ अर्धी मिटावी तशा, पांढऱ्या,
टोकाला तेवढं जांभळं,
जसं कुणी शाईत अंगठा बुडवला
आणि कागद मिळालाच नाही.

मधल्या मुकुटाला एकीच्या दोन-दोन कान.
वहीत लिहिते : कान आहेत. कान नाहीत.
वास : एकीला नाही.
दुसरीला आहे, वारा पडला आणि नाक अगदी जवळ नेलं तर.

झिंगूबाई टोपलं घेऊन येते. आज शुक्रवार,
उद्याची माळ आजच ओवायची.
"काय मोजता बाई?"
पाकळ्या.
"पाचच हायेत. दरसाली पाचच असतात."

मी विचारते, मारुतीला यातली कोणती चालते?
ती दोन्ही तोडते. बोटांवर चीक, दुधासारखा.
"त्याले काय. शेंदरानं नाक केव्हाचंच बुजलं त्याचं.
पण माह्या हाताले कयते.
हे मोठी दोऱ्यात रातभर ताठ राह्यते.
ते बारकी पहाटेलेच मान टाकते.
अन् डोयाले हात नोका लावू आता,
चीक गेला तं दिसन नाही."

हे मी लिहून घेतलं नाही.
रकाना नव्हता.

पुढे सिग्नलच्या खांबापाशी तिसरं झुडूप.
पाकळ्या ना उभ्या ना सताड,
कान आहेत म्हणावेत तर आहेत.
पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं.
एका पानाखाली पट्ट्यांचा सुरवंट चरत होता,
काळा, पिवळा, पांढरा.
त्याने तिन्ही झुडपं खाल्लेली.
"हे कोणतं?" मी विचारलं.
झिंगूबाईनं एक कळी चिमटीत फोडली. फट्.
"फुटते तं सारखीच," म्हणाली, आणि गेली.

डहाळी रद्दीत दाबून वर वरवंटा ठेवला.
आठ दिवसांनी उघडली तर चीक कागदाला धरून बसलेला;
सोडवताना पाकळीसोबत
छोट्या जाहिरातींची अर्धी ओळ निघून आली,
उलटी. आरशात धरून वाचली :
*पोटजातीची अट नाही.*

तशीच चिकटवली कार्डावर.
तारीख घातली, ठिकाण घातलं, खांबाचा नंबर घातला.
नावाची जागा सोडून
दौतीला झाकण लावलं.