अर्धा बार

अंबडच्या शेडमध्ये जानेवारी.
पाना हातात धरवत नाही.
डॉक्टर कुमुदिनी पगारे स्टुलावर, मफलर गुंडाळून,
समोर त्यांची लाल गाडी, बॉनेट उघडं,
व्ही-सिक्स, तीन लिटर, चोवीस वर्षांची.

मी कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढतो.
या बाजूचे तीन सिलिंडर, त्या बाजूचे तीन,
दोन्हींकडे एकेक टर्बो, चाक मुठीत मावेल एवढं.
एकच मोठा का नको?
मोठ्याला जाग यायला वेळ लागतो, मॅडम.
पाय दाबायचा अन् वाट बघायची.
धाकटे दोघे हाकेसरशी धावतात.

जो धूर आपण मागे टाकून देतो
तोच जाता जाता चाक फिरवतो,
आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक
ताजी हवा कोंबतं आत.
एवढंच आहे सगळं.
बाकी खर्च.

फोर्ज्ड पिस्टन सहा, येतील तेव्हा येतील.
हेड गॅस्केट धातूचं. बंपरमागे इंटरकूलर.
मॅनिफोल्ड शौकत करणार, स्टेनलेसमध्ये;
त्याच्या वेल्डिंगची वीण मी अंधारात बोटांनी ओळखतो.
तेलाच्या परतीच्या नळीला उतार हवाच,
तिथे कुणाचा वशिला चालत नाही.

मग वेस्टगेट.
हे कसं सांगावं? म्हटलं, गंगापूर धरण समजा.
पाणी फार झालं की दरवाजे उचलायचे,
फरक इतकाच, इथे दुतोंड्या मारुती नाही
कुठवर चढलं ते दाखवायला.
त्या हसल्या. म्हणाल्या,
एकतीस वर्षं भूल दिली मी.
झोपलेल्या माणसांच्या छातीत
पिशवी दाबून हवा भरली, या हातानं.
काट्यावर दाब दिसतो हो,
फुप्फुस दिसत नाही.

मी आकडा लिहिला होता: शून्य पूर्णांक नऊ बार.
त्यांनी माझ्याच पेन्सिलीनं नऊ खोडून
पाच केला.

शौकत मागून पुटपुटला,
अर्धा बार म्हणजे फुसका बार.
मीही खट्टू. त्या नऊच्या भरवशावर
काल रात्री दोन वाजता
अंथरुणात पडल्या पडल्या
कसारा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढून आलो होतो.

मॅडम उठल्या.
चालू करा, म्हणाल्या, आहे तशी.
गाडी दोनदा खाकरली, मग लागली.
त्या मागे गेल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या,
सायलेन्सरपाशी उघडा तळवा धरला
आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत
ओठ हलवत राहिल्या.

शौकतनं टॉर्च खाली ठेवला.
पांढरी वाफ हळूहळू विरळ झाली,
मग दिसेनाशी.

पाच, त्या म्हणाल्या, रुमालाला हात पुसत.
सहाचं पुढच्या हिवाळ्यात बघू.