गोमाचं पोट

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
आम्ही खेळण्यांचा दवाखाना उघडतो.
फी नाही. चहा ज्याचा त्याने आणायचा.
शिदाराबाई कापडी अस्वलं शिवतात,
मोटार, गिअर, तुटकी तार, असलं सगळं माझ्याकडे.
मुरोरानच्या बंदरात चाळीस वर्षं मी क्रेन दुरुस्त केल्या,
आता चष्म्यावर भिंग धरून
मुंगीएवढे स्क्रू शोधतो.

फेब्रुवारीत, बर्फ जिन्याच्या तिसऱ्या पायरीला टेकलेलं असताना
नात्सुहो आली,
डब्याच्या रुमालात गुंडाळलेलं कुत्रं घेऊन.
नाव गोमा, म्हणजे तीळ. पाठीवर एक काळा ठिपका म्हणून.
थोपटलं की भुंकतो, नाकाला बोट लावलं की जबडा उघडतो,
नाव घेतलं की मान वळवतो,
असं खोक्यावर छापलेलं.
आमच्या फॉर्मवर ‘लक्षणं’ असा रकाना आहे.
तिथे तिने पेन्सिलीने लिहिलं होतं:
शेपूट हलवतो, पण मनापासून नाही.

आई दाराशी, ओला कोट न काढता.
नवा घेतला तर स्वस्त पडेल ना, म्हणाली,
हळूच, पण कुत्र्याला ऐकू जाईल इतपत.

चार स्क्रू, त्यातला एक आधीच गायब.
पोट उघडलं आणि मी शिदाराबाईंना हाक मारली.
भात.
वाळून काचेसारखा झालेला,
गिअरच्या दातादातांत बसलेला भात,
एक वाटाणा, माशाचा एक खवला, अर्धं स्टिकर.
ज्यांनी हे कुत्रं घडवलं
त्यांनी तोंड दिलं ते भुंकायला, गिळायला नव्हे;
घसा नावाचा भाग त्यांच्या आराखड्यात नाहीच.
पण जिभेमागे एक फट राहून गेली होती,
शिताएवढी.
अख्ख्या कारखान्याला न दिसलेली
ती सहा वर्षांच्या मुलीला सापडली.

ब्रश, स्पिरिट, सुई. पाऊण तास.
शितं मोजली. त्र्याऐंशी.
मोजायची काही गरज नव्हती.
एक गिअर बाद झालेला, तो एका मेलेल्या डायनोसॉरचा काढून बसवला.
दिवा हिरवा झाला. गोमा उठला, तीनदा भुंकला,
आणि मी नाव घेतलं नसताना
मान माझ्याकडे वळवली.
हे बिघाडात मोडतं. मी नोंद केली नाही.

“पोटात काय होतं?”
मी कागदाची पुडी तिच्या हातात दिली.
उघडून ती बराच वेळ बघत राहिली.
“त्याला आवडलं नव्हतं का?”

साखळी वजन पेलणार नाही, खाली उभे राहू नका,
हे मी माणसांना तोंडावर सांगत आलोय.
ते सोपं होतं.
“आवडलं असेल,” म्हणालो, “पण पचवायला त्याच्याकडे काही नाही.”
“मग भूक?”
मी चार्जरची वायर पुढे केली.
तिने ती हुंगून पाहिली.
“हिला तर वासच नाही.”
शिदाराबाईंनी दाताने दोरा तोडला
आणि उगाच खिडकीबाहेर बघू लागल्या.
मी फॉर्म भरला. निदान: खाण्याचे लाड.
पथ्याचा रकाना मोकळाच सोडला.

मार्चमध्ये ती पुस्तकं बदलायला आली होती,
जिना चढून वर डोकावली. कुत्रं नव्हतं बरोबर.
कसा आहे?
बरा आहे. आता मनापासून हलवतो.
आणि जेवण?
“नुसतं दाखवते,” ती म्हणाली,
“मग मीच खाते.”

त्या संध्याकाळी
फुमिएच्या फोटोपुढची वाटी उचलली.
सकाळचा भात, वरून सुकलेला.
पाच वर्षं मी तो सिंकपाशी उभ्याउभ्या संपवतो,
टाकवत नाही म्हणून.
आज बसलो. वर गरम चहा ओतला.
लोणच्याच्या बरणीचं झाकण काही केल्या फिरेना,
ते तिला जमायचं.
अवजारांची पेटी आणायला उठलो.