चार नंबरचा वाटा

चवथीच्या सुट्टीत फर्मागुढीची लॅब रिकामी,
म्हणून लव्हिनियाबाईंना अकरा मशिनं मिळाली.
हिशेब एकच, पण लांबलचक:
खाडीचं पाणी येत्या तीस वर्षांत
खाजनात कुठवर चढेल.
एकट्या मशिनला चैत्र उजाडला असता.

त्यांनी नकाशा कापला, फणस कापावा तसा,
हाताला तेल लावून, सावकाश.
एकेक गरा एकेकाला दिला.
म्हणाल्या, "गुरुदास, शेजाऱ्याला विचारल्याशिवाय
इथं कुणालाच पुढे जाता येत नाही.
माझ्या कडेला पाणी किती, तुझ्या कडेला किती,
एवढं बोलायचं. मग पुढचं पाऊल."

मी लॅब असिस्टंट. केबल, चहा,
वीज गेली तर जनरेटर.
निळ्या वायरींतून अकराजण कुजबुजत राहिले.
खालच्या वाड्यावरून घुमट ऐकू येई.

दुसऱ्या रात्री नऊ नंबर मेला.
सगळे शेवटच्या नोंदीपर्यंत मागे आले,
नऊचा वाटा सहानं उचलला
आणि पुन्हा चालू लागले.
तेराव्याचीही वाट न बघता.

खोळंबा होता तो चार नंबरचा.
बाकीचे पाऊल टाकून उभे,
चारची कड काही येईना.
मी त्याच्या पाठीत दोनदा थाप मारली,
पंखा पुसला, एक शिवीही दिली.
"जुना झालाय बाई, काढून टाकूया."

बाईंनी पडद्यावर त्याचा तुकडा उघडला.
बांधाचा कोपरा. मानशीची दारं.
तिथं भगदाड पडत होतं, आकड्यांत.
बाकीचे तासातासानं पुढे सरकायचे,
त्याला सेकंद सेकंद मोजावा लागत होता.
"मशीन इतरांसारखंच आहे," त्या म्हणाल्या,
"वाटा तसा आलाय."

मग मला झोप लागली नाही.
आमच्या वाटणीत रस्त्याकडचं घर मला,
माडांची भाटली धाकट्याला,
बांधाकडचं खाजन आंतूला.
वीस वर्षं आम्ही त्याला सुस्त म्हणतोय.
बारशाला उशिरा, श्राद्धाला उशिरा,
आणि पायाला चिखल तसाच.

पहाटे फोन लावला. खूप वेळ वाजला.
"भरती आसा. मानशीर आसां हांव. मागीर कर."

बरं म्हटलं.
थांबलो.