वाढीव बांधकाम, नकाशा क्रमांक तीन

टेपचं एक टोक हिलाल धरतो, दुसरं मी.
पारोळ्यात मे महिना, दुपारचे अडीच,
पत्र्याची पट्टी बोटांना चटका देते
आणि हिलाल म्हणतो, "ताई, आखी इमारतच
फुगी जायेल शे. संध्याकायले मोजूत."

खाली कार्यालय: घरपट्टी, पाणीपट्टी, आस्थापना,
बारनिशीच्या टेबलाला चिकटून आणखी एक टेबल,
मधून जायचं तर पोट आत घेऊन.
वर वाचनालय. चोवीस खुर्च्या,
एकीचा पाय सुतळीने बांधलेला.
आणि खाली जागा नाही म्हणून वर आलेली
जन्म-मृत्यूची रजिस्टरं
कादंबऱ्यांच्या कपाटात, तळाच्या दोन फळ्यांवर.
दाखल्यासाठी कुणी येतं, आजोबांचं साल शोधतं
उकिडवं बसून, नावं पुटपुटत.
ग्रंथपाल पुंडलिकराव त्यालाही वाचक धरतात.
वर्षाअखेरी आकडा पाठवायचा असतो.

मागणीपत्र आलं:
कर विभागाला नऊशे चौरस फूट,
सभागृह वातानुकूलित,
अध्यक्षांना दालन, दालनाला प्रतीक्षा कक्ष,
प्रतीक्षा कक्षाला पडदे.
वाचनालयापुढे एकच शब्द: उर्वरित.
मी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली, मग खोडली.
कागदावर वळ राहिला.

नकाशा एक. नकाशा दोन.
दोन्हींत मी 'उर्वरित' पूर्वेला सरकवलं.
पश्चिमेची भिंत दुपारी तव्यासारखी होते,
ती सभागृहाला दिली. त्यांना एसी आहे.
एवढा अधिकार कनिष्ठ अभियंत्याला असतो.

मग जिना मोजायचा राहिला होता.
मधल्या लँडिंगवर, मीटरच्या पेटीखाली,
पोतं अंथरून एक मुलगी.
मांडीवर कॅरमचा फुटका बोर्ड, बोर्डावर चालू घडामोडी.
"पाय घे व माय," हिलाल म्हणाला.
तिने घेतले.
टेप तिच्या वहीवरून गेली:
साडेचार बाय सहा.

"वर का नाही बसत?"
"सातला येतात त्यांच्या खुर्च्या असतात, मॅडम.
मी अकरापर्यंत खानावळीत पोळ्या लाटते."
आणि मी निघताना, वहीतून मान वर न काढता:
"नवीन इमारतीत
दिव्याचं बटण कोणत्या बाजूला राहील?"

नकाशा क्रमांक तीन.
लँडिंग आठ बाय नऊ.
एक खिडकी, तिचा कट्टा तीन फुटांवर हवा,
तो दीड फुटावर.
एक प्लग. बटण आतल्या बाजूला.
बाकी प्रत्येक चौकोनात नाव लिहिलं,
या चौकोनात काही लिहिलं नाही.

बांधकाम समितीत सभापतींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.
"हाऊ जिना इतला ऐसपैस काब्र?"
"अग्निसुरक्षा," मी म्हणाले.
सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.
चहा आला.

याला चार वर्षं झाली.
तांत्रिक मंजुरी नाशिकला, निधी मुंबईला,
हिलाल निवृत्त होऊन म्हसव्याच्या वाटेवर
बकऱ्या पाळतो.
हर्षाली तलाठी झाली, तळोद्याला.
तेव्हाच मला तिचं नाव कळलं, पेढ्यांच्या खोक्यावरून.
पत्ता लिहिला होता:
बांधकाम विभाग, जिन्याशेजारी.

आज पुन्हा फाइल उघडली, दर नव्याने लावायचे.
सिमेंट वाढलं, सळई वाढली.
वर जाताना मीटरच्या पेटीखाली एक मुलगा,
तेच पोतं, तोच बोर्ड.
मी काही म्हणायच्या आत त्याने पाय घेतले
तरी पायरीवर उरलेच थोडे.

सभागृहाच्या भिंतीतून मी अर्धा फूट काढला
आणि लँडिंगला जोडला.
याचे पाय लांब आहेत.