बोडीच्या पाळीवर, अकरा वाजता

मंगळवारी व्हीसी असते.
अंगणवाडीत रेंज नाही, म्हणून मी बोडीच्या पाळीवर चढते,
सिंदीच्या तिसऱ्या झाडापाशी.
दुसऱ्यापाशी नुसता आवाज येतो,
चौथ्यापाशी सगळेच गोठतात, साहेबांचं तोंड उघडं राहतं
जांभई अडकल्यासारखं.
तिसऱ्यापाशी दोन काड्या. कधी तीन,
वारा लाखांदूरकडून असला की.

खाली दुधराम जाळं झटकत असतो.
"लागली का व तुही मिटिंग?" विचारतो
आणि मग एकदम हळू चालतो पाण्यात,
जसे साहेब तिथंच कुठं बसलेत, गढूळात.

एकशे बेचाळीस जणी.
पडद्यावर चार चेहरे मावतात,
बाकीच्या नुसती अक्षरं. कोणाचं नाव, कोणाच्या पोराचं.
एक तर 'रेडमी नऊ' म्हणूनच हजर असते,
हजेरीत तिला कोणी पुकारत नाही.

"सगळ्यांनी माईक बंद ठेवा."
ठेवतो. पण पाच-सहा जणी विसरतातच
आणि त्यांच्यामुळेच मला तालुका कळला.
कुठंतरी अजून पितळेची भांडी आहेत, घासताना घुमतात.
कोणाच्या सासूचा खोकला दिवाळीनंतर खोल जातो.
एका गावी गिरणी बरोबर सव्वाअकराला लागते.
कोंबडा आरवला की साहेब म्हणतात,
"कोण आहे? नाव लिहून घ्या."

मागच्या मंगळवारी मीच विसरले.
साहेब वजनं मागत होते, रकाना सात, लाल-पिवळा-हिरवा,
आणि पाळीवरून आसारामची सून चालली होती रोवणीला,
पोरगं कडेवर.
म्हटलं, "थांब व. आण त्याले इकडं."
हातावर तोललं. काटा लागत नाही मला.
"उतरलं लेकरू. रात्री दूध पेते का?
का तू चिखलातून येते अन् झोपून जाते?"
"झोप लागून जाते बाई."
"लागनच. उद्या अंडं नेजो. त्याच्या नावानं नेजो, तू खाजो.
आकडा मी भरतो मांगून,
तिकडं कोण येते मोजाले?"

मग लक्षात आलं, वाऱ्याशिवाय काहीच ऐकू येत नाही.
माझ्या नावाभोवती हिरवी रेघ.
एकशे बेचाळीस जणी, जिल्ह्याचे दोघं,
पुण्याच्या कोणी एक मॅडम.
साहेब गोठलेले.
झाड तर तिसरंच होतं.

तेवढ्यात पितळ घुमलं, आणि त्यातून कोणीतरी,
"खरं सांगतली बाई."
कोण ते कळायच्या आत बंद.
साहेब म्हणाले, "पुढचा रकाना."

शुक्रवारी पंचायत समितीत सगळ्या समोरासमोर,
दोन वर्षांनी. खुर्च्या कमी, म्हणून सतरंजी.
कोणी कोणाला ओळखेना.
कपाळापासून हनुवटीपर्यंत माहीत होतो आम्ही,
त्याखाली कोण किती उंच, कोणाचा पाय अधू,
हे सगळं नवं.
मी एकीकडे बघून हसले, ती भिंतीकडे बघून हसली.
बोलायच्या आधी कोणीतरी हात वर केला
आणि आपल्याच हाताकडे पाहून खाली घेतला.

चहाच्या रांगेत मागून आवाज आला,
"मंग? खाल्लं का तिनं अंडं?"
वळले.
बुटकी, डाव्या मनगटावर गोंदण,
बोटांच्या पेरांत अजून राख.
"दोन खाल्ले," मी म्हटलं. "नाव काय व तुझं?
यादीत तर दिसत नाही कुठं."

"पोराचा फोन होय ना. नाव बदलता येत नाही मले त्याच्यात."
चहा घेतला, फुंकर मारली.
मग सांगितलं, दोनदा, मोठ्यानं, तोडून तोडून,
रेंज जाईल अशा घाईनं,
"फुलवंता. फुल, वंता."