कलई

दुकानात दोन मांजरं.
एक पिवळा बोका. त्याला नाव नाही, सगळे त्याला 'ए' म्हणतात.
दुसरी पांढरी, डाग शोधूनही सापडत नाही.
सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, तिचं नाव ठेवलं
कलई.

इतवारीत आमच्या ओळीला सकाळी नऊपासून
पितळेवर हातोडे पडतात.
नवं गिऱ्हाईक कानावर हात ठेवूनच पायरी चढतं.
आणि ही परातीत झोपलेली,
ठोकणाऱ्याच्या गुडघ्यापासून वीतभर.

"पांढरीच ना बाप्पा ते, गरीब जात,"
शेजारच्या निनावेबाई म्हणाल्या.
पिवळा चोर, काळी खुनशी, तीनरंगी असली की नखरेल,
पांढरी म्हणजे गाय.
त्यांच्याकडे रंगावरून स्वभाव तोंडपाठ असतात.
माझ्या लग्नातही त्यांनी सांगून ठेवलं होतं:
सावळी आहे, जिभेची तिखट निघेल.
तेवढं मात्र खरं निघालं.

रात्री दोनला कलई गच्चीवर उभी राहून
अशी ओरडते की तीन घरांचे दिवे लागतात.
ते कोणी तिच्या गरीबपणातून वजा केलं नाही.

मे महिन्यात, शेचाळीसच्या उन्हात,
सामानाचा ठेला मागे येत होता.
पोरगा ओरडला, "हट बे, हट!"
अख्खी ओळ हटली.
ती सावलीत, चाकामागे, पंजा चाटत.
शेपटीवर निभावलं.

सेमिनरी हिल्सला जनावरांच्या दवाखान्यात
उरकुडे डॉक्टरबाईंनी पट्टी बांधली,
मग तिच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे सोडून दिला.
मी दचकले. बाकावरचा कुत्रा दचकला.
कलईचा कानही हलला नाही.

"एक डोळा निळा, एक पिवळा," बाई म्हणाल्या,
"अशीत पुष्कळदा निळ्या बाजूचा कान गेलेला असतो.
हिचे दोन्ही गेलेत. जन्मापासूनच."
मग काय पांढऱ्या सगळ्याच अशा?
"नाही हो. निळ्या डोळ्यांच्या जास्त, बाकीच्या कमी.
पांढरं असणं आणि ऐकू न येणं
कधी कधी एकाच घरातून येतं.
स्वभावाचं मी काही सांगत नाही.
ज्याला हातोडा ऐकूच येत नाही
त्याला शांत म्हणायचं का, तुम्हीच ठरवा."

आणि रात्रीचं ओरडणं?
"तिला कुठे माहीत आपण किती मोठ्यानं बोलतो."

रिक्षात ती मांडीवर होती, थरथरत.
रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून ठेवला होता.
मला मामाजी आठवले.

एकेकाळी त्यांनी कारागिरावर चिमटा भिरकावला होता.
चहा गार असला तर कप अंगणात.
गेली चार-पाच वर्षं सगळे सांगतात,
वय झालं, मामाजी निवले.
मुनीम पैसे कमी मोजतो, ते हसतात.
निनावेबाई त्यांच्या तोंडावर त्यांनाच नावं ठेवतात, ते हसतात.
मीही देवाचे आभार मानले होते.

त्या संध्याकाळी कूलर बंद केला.
त्यांच्या पाठीमागे उभी राहून
गुंडावरचं झाकण सोडून दिलं.
झाकण फिरत राहिलं फरशीवर,
पितळेचं झाकण लवकर थांबत नाही.
त्यांनी पान पुसलं, चुना लावला,
सुपारी मोजून ठेवली.

पंचेचाळीस वर्षं कानाजवळ हातोडा.
आम्ही त्याला शांती म्हणत होतो.

निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या:
हाक मारू नका. मागून हात लावू नका.
जमिनीवर पाय आपटा, तिला तळव्यांतून कळेल.

आता जेवणाच्या वेळी मी दुकानाच्या दारात उभी राहते
आणि टाच आपटते, दोनदा.
परातीतून एक मान वर येते,
गादीवरून दुसरी.
मामाजी विचारतात, "काहून आपटून राहिली वं?"
फार मोठ्यानं विचारतात.

बोका तेवढा हलत नाही.
त्याला सगळं ऐकू येतं.